अर्धी खोली

मुलानं, किशोरनं, फोनवर आलेला आकडा विचारला तेव्हा भगवंतरावांना वाटलं, गॅसचं सिलिंडर आलं असेल. सिलिंडरवाला दारात उभा राहून असाच आकडा मागतो, आणि गॅसची नोंद त्यांच्या नंबरावर असल्यामुळे घरातलं ते एक काम तेवढं त्यांच्या वाट्याला होतं. त्यांनी चष्मा चढवला, आकडा दोनदा वाचून दाखवला आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. थोड्या वेळानं किशोर आतल्या खोलीतून हसत आला आणि म्हणाला, झालं काम. येत्या शनिवारी आपण चौघंही अकोल्याला. चांगल्या हॉटेलात, एक रात्र, आणि एक पैसा न देता.

सिलिंडरचा आणि अकोल्याच्या हॉटेलाचा संबंध भगवंतरावांना काही लागेना. मग किशोरनं समजावून सांगितलं. भाग्योदय मार्टमध्ये इतकी वर्षं आपण किराणा घेतो, कपडे घेतो, दर वेळी तुमचा नंबर सांगतो, त्याचे पॉइंट साठले होते. या महिन्याच्या शेवटी त्यांची मुदत संपत होती. त्या पॉइंटांत एक तर मिक्सर मिळत होता, नाहीतर कुटुंबासाठी हॉटेलातली खोली. मिक्सर घरात आहे. हॉटेलांपैकी नागपूरचं भरलेलं होतं, नाशिक लांब पडतं, उरलं अकोला. रागिणी, त्यांची सून, मागून म्हणाली की अमरावतीहून उठून अकोल्याला फिरायला गेलो असं कोणाला सांगायचीही लाज वाटेल, पण निदान एक दिवस सकाळचा नाश्ता आयता समोर येईल.

"सगळेच गेले का पॉइंट?" भगवंतरावांनी विचारलं.

"सगळेच समजा. थोडेसे राहिले असतीन."

भगवंतरावांनी पुस्तक मिटलं, पानात खूण ठेवायचीही राहिली. खाली बसून मेथी निवडणाऱ्या गोदाबाईंनी एकदा नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा मेथीकडे पाहिलं. काय बिघडलं हे किशोरला आणि रागिणीला कळण्यासारखं नव्हतं, कारण ते त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

गोष्ट अशी होती की त्यातले सगळे पॉइंट या घरचे नव्हते.

किशोरच्या लग्नाचा बस्ता अकोल्याच्या भाग्योदय मार्टमधून घेतला तेव्हा दर्यापूरचं त्यांचं घर एक होतं. भगवंतराव थोरले, तिथल्या एका कॉलेजात ग्रंथपाल. धाकटे केशवराव शेती पाहायचे. चूल एक, धान्याच्या कोठ्या एक. बस्त्याचं बिल करताना काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, मोबाइल नंबर सांगा, पॉइंट मिळतील. तशी घरची सगळी माणसं सवयीनं थोरल्याकडे पाहू लागली. भगवंतरावांनी हळू आवाजात आपला नंबर सांगितला आणि मुलीनं तीनदा पुन्हा विचारला. तेव्हापासून नियमच पडला. घरातलं कोणीही त्या दुकानात जावो, नंबर थोरल्याचा सांगायचा. केशवरावांना फोनमध्ये नाव शोधून नंबर काढणं जमत नसे, म्हणून त्यांनी तो पाढ्यासारखा घोकून ठेवला.

पुढं घर फुटलं ते विहिरीवरून. दर्यापूरकडचा सगळा भाग खारपाणपट्ट्यातला. जमिनीखाली पाणी आहे, पण तोंडात धरवत नाही. त्यात यांच्या वावरात एक विहीर होती गोड्या पाण्याची. वाटणीत ती केशवरावांच्या बाजूला आली, पण पाणी दोघांचं, असं आईनं दोघांसमोर बोलून ठेवलेलं. केशवरावांच्या मुलाला अकोल्यात घर घ्यायचं निघालं आणि त्यांनी आपली बाजू विहिरीसकट एका परक्या माणसाला विकली. थोरल्याला कळलं ते सौदा झाल्यावर.

त्यानंतर वर्षाच्या आत आई गेली. तेरवीच्या दिवशी पंगत बसली असताना केशवरावांची बायको मनकर्णा पाण्याचा गडवा घेऊन पुढं आली. जन्मात कोणाशी वर आवाज न केलेले भगवंतराव त्या दिवशी सगळ्या भावकीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, गोडं पाणी विकलंत, आता तुमच्या घरचं पाणी मला वर्ज्य. जिवात जीव आहे तोवर थेंबही पिणार नाही. गडवा तसाच मागं गेला.

असं काही आपण बोलू शकतो हे भगवंतरावांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. दोन दिवस त्यांना त्याचा थोडा अभिमानही वाटला. मग तो ओसरला, पण शब्द राहिला. भांडकुदळ माणूस दहादा शपथ घेतो आणि दहादा मोडतो, त्याचं कोणाला काही वाटत नाही. ज्यानं आयुष्यात एकदाच घेतली त्याला ती मोडायची कशी हे माहीत नसतं. पुढं ते निवृत्त होऊन किशोरकडे अमरावतीला आले. केशवराव मुलाकडे अकोल्याला गेले. बोलणं नाही, फोन नाही, लग्नकार्यात समोर आले तर दोघं दोन दिशांना पाहत.

आणि अशातच एके दिवशी भगवंतरावांच्या फोनवर मेसेज आला. भाग्योदय मार्ट, अकोला शाखा, आपल्या खरेदीबद्दल धन्यवाद.

पहिल्यांदा त्यांना चूक वाटली. मग पंधरा दिवसांनी पुन्हा आला. मग येतच राहिला. केशव अजून त्यांचाच नंबर सांगत होता. सवयीनं सांगत होता, की मुद्दाम सांगत होता, की दुकानदारानंच तो कायमचा लिहून ठेवला होता, काही कळायला मार्ग नव्हता. पण हळूहळू भगवंतराव त्या मेसेजांची वाट पाहू लागले. सकाळी आला तर केशव स्वतः गेला असणार. तो रविवारी सकाळी जातो. संध्याकाळी आला तर सून. दिवाळीच्या आधी खरेदी मोठी असे. एकदा महिनाभर काहीच आलं नाही तेव्हा त्यांचं वाचनात लक्ष लागेना. काय करावं, कोणाला विचारावं, हेही कळेना. मग एका सकाळी फोन वाजला आणि त्यांनी त्या दिवशी दुपारी बाजारातून न सांगता कलाकंद आणला.

आता भीती ही होती की भाग्योदय मार्टच्या बिलाच्या तळाशी पॉइंट किती उरले ते छापून येतं. केशव बिल शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय काउंटर सोडत नाही, हे भगवंतरावांना लहानपणापासून माहीत होतं. रविवारी तो वाचेल, आणि त्याला दिसेल की वर्षानुवर्षांचे पॉइंट एका रात्रीत गेले. अर्धे आपले होते, भावानं न विचारता खाल्ले, असं तो म्हणेल. विहीर त्यानं न विचारता विकली, पॉइंट यांनी. फिटंफाट. आणि पुढच्या रविवारी तो काउंटरवर स्वतःचा नंबर सांगेल. मग मेसेज बंद. मग केशव आहे की नाही हे कळायला काहीच उरणार नाही.

किशोरला हे सांगून खोली रद्द करता आली असती. पण सांगायचं काय? की सत्तरीचा माणूस दुकानाच्या जाहिरातीची वाट पाहत बसतो? भगवंतरावांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा वेगळंच काहीतरी विचारलं.

शनिवारी गाडी निघाली तेव्हा त्यांच्या पायाशी पाण्याचा मोठा डबा होता आणि मांडीवरच्या पिशवीत पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी. बडनेरा मागं पडलं तशी रागिणी म्हणाली, बाबा, हॉटेलात पाणी मिळते. त्यावर भगवंतराव म्हणाले की डॉक्टरांनी बाहेरचं पाणी नको म्हटलं आहे. कोणत्या डॉक्टरांनी, असं किशोरनं विचारलं, तेव्हा ते खिडकीबाहेर पाहू लागले. मूर्तिजापूर येईपर्यंत त्यांच्या डोक्यात एक हिशोब चालला होता आणि तो काही केल्या जुळत नव्हता. हॉटेलची खोली पॉइंटांतून मिळाली. पॉइंटांतले बरेचसे केशवच्या घरच्या तेल-साखरेतून आले. म्हणजे ती खोली काही अंशी केशवचं घर. म्हणजे तिथलं पाणी केशवच्या घरचं पाणी. पण नंबर तर आपला, मग ते आपलंही घर. स्वतःच्या घरचं पाणी माणसाला वर्ज्य कसं असेल? आणि असं मानलं की ते आपलंच, तर मग केशवचा वाटा आपण गिळला हे कबूल करावं लागतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

हॉटेल चांगलंच होतं. खोली एकच, पण ऐसपैस, दोन मोठाले पलंग, भिंतीएवढा आरसा. सुनेसोबत एका खोलीत राहायचं म्हटल्यावर भगवंतराव आणखीच अंग चोरून बसले. टेबलावर हॉटेलच्या पाण्याच्या दोन बाटल्या मांडून ठेवल्या होत्या. त्यांच्याकडे पाठ होईल अशी त्यांनी खुर्ची फिरवली.

संध्याकाळी किशोर आणि रागिणी बाहेर चक्कर मारायला गेले. दार लागल्याबरोबर गोदाबाईंनी विचारलं, "तुमी हे पानी कावून पेऊन नाही राहिले?"

"आपलं आणलं आहे ना."

"कोमट झालं थे. आन् डॉक्टरचं मले नका सांगू. केशवभाऊजीचं पानी म्हनून पेऊन नाही राहिले तुमी."

मेसेजांचं तिला माहीत असेल असं भगवंतरावांना कधी वाटलंच नव्हतं. गोदाबाई म्हणाल्या की त्यात न कळण्यासारखं काय आहे, अकोल्याचा मेसेज आला की तुम्ही दोन पोळ्या जास्त खाता. मग भगवंतरावांनी सगळं सांगितलं, बिलाच्या तळाशी काय छापतात तेही आणि रविवारचंही. सांगताना त्यांना स्वतःलाच ते फार खुळचट वाटलं. गोदाबाईंनी मध्ये एकदाही हसू आणलं नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी पायावर शाल ओढली.

"अर्धं त्याइचं हाय, अर्धं आपलं. मंग आपल्या अर्ध्यातलं प्या."

"ते वेगळं कसं काढणार?"

"नसन निघत त नका पेऊ. मले नका विचारू."

भगवंतरावांना आदल्या रात्री एक उपाय सुचला होता. तो त्यांनी घाबरत घाबरत बोलून दाखवला. इथली शाखा हॉटेलपासून जवळच आहे. केशव जायच्या आत आपण तिथं जायचं, भरपूर काहीतरी विकत घ्यायचं, आपला नंबर सांगायचा. म्हणजे पॉइंट पुन्हा थोडे तरी चढतील आणि केशवला तळाशी अगदीच रितं दिसणार नाही. गोदाबाई म्हणाल्या, "सकाळी उघडल्याबरोबर जा मंग. नाहीतर भाऊजी भेटतीन तिथी."

ती बजावत होती की सुचवत होती, हे भगवंतरावांना कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

सकाळी उघडल्याबरोबर जाणं काही जमलं नाही. नाश्त्याला खाली चला म्हणून रागिणी हट्टाला पेटली. पोहे, इडली, साबुदाणा, फळं, ताटंच्या ताटं मांडलेली, आणि सासरे तिथं बसून पिशवीतली पोळी काढताहेत हे पाहून तिचं तोंड एवढंसं झालं. मी काही चुकले का बाबा, असं तिनं विचारलं. त्यावर भगवंतरावांना इतकं अपराधी वाटलं की तिची समजूत घालण्यात वेळ गेला. समजूत कसली, तीच वाक्यं त्यांनी उलटसुलट करून सांगितली आणि ती आणखीनच गोंधळली. शेवटी गोदाबाईंनी त्यांच्या हातात पिशवी दिली आणि म्हटलं, दाळ आना जा.

दुकानात शिरल्यावर कोणती डाळ घ्यायची हे त्यांना सुचेना. घरचा किराणा नेहमी रागिणी आणे. पण अकोला म्हणजे तूरडाळ, एवढं त्यांना माहीत होतं. त्यांनी डाळीची पाकिटं ढकलगाडीत टाकायला सुरुवात केली. किती टाकली म्हणजे पॉइंट पुरेसे चढतील याचा अंदाज नव्हता, म्हणून टाकतच गेले. गाडी जड झाली, एक चाक करकरू लागलं. ती ढकलत ते काउंटरच्या रांगेत उभे राहिले. सकाळची गर्दी होती. पुढं एक बाई, तिच्या पुढं एक म्हातारा, पांढरं धोतर, खांद्यावर दुपट्टा. पाठ थोडी वाकलेली.

बाईची खरेदी थोडीच होती, ती दुसऱ्या काउंटरला गेली. आता त्यांच्यापुढं फक्त तो म्हातारा उरला. काउंटरवरच्या मुलीनं न बघताच विचारलं, "काका, नंबर?"

आणि म्हाताऱ्यानं नंबर सांगितला. मान जराशी हलवत, दोन-दोन आकड्यांच्या जोड्या पाडून, पाढा म्हणावा तसा. भगवंतरावांनी आपला नंबर दुसऱ्याच्या तोंडून असा कधी ऐकला नव्हता. त्यांना क्षणभर कळलंच नाही की तो आपला आहे. मागं फिरावं, गाडी सोडून बाहेर पडावं, असं मनात आलं, पण मागं आणखी चार माणसं उभी होती आणि गाडीचं चाक अडकलं होतं. मुलीनं बटण दाबलं. भगवंतरावांच्या सदऱ्याच्या खिशात फोन वाजला.

केशवरावांनी मागं वळून पाहिलं.

पाच-सहा वर्षांत चेहरा उतरला होता. गालफडं बसली होती. दोघंही एकमेकांकडे नुसते पाहत राहिले. रांगेतल्या कोणीतरी, काका पुढं सरका, असं म्हटलं. केशवरावांची नजर भावाच्या गाडीवर गेली. डाळीची पाकिटं वरपर्यंत रचलेली.

"एवढी दाळ?" ते म्हणाले. "तेरवी हाय का कोनाची?"

भगवंतरावांना हसावं की रागवावं कळेना. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. केशवराव आपलं बिल घेऊन बाजूला झाले आणि सवयीप्रमाणे ते तळापर्यंत वाचू लागले. भगवंतरावांना आता काही थांबवणं शक्य नव्हतं. त्यांनी आपल्या डाळीचे पैसे दिले, आपलाच नंबर अडखळत सांगितला, दोन आकडे उलटे सांगितले, पुन्हा सांगितला. मग दोन्ही हातांत पिशव्या घेऊन भावासमोर जाऊन उभे राहिले आणि बोलू लागले. सिलिंडर समजून आकडा सांगितला इथून सुरुवात झाली. मिक्सर, नागपूर, मुदत, सगळं आलं. तुझे अर्धे होते ते मला माहीत होतं, पण मला विचारलंच नाही, आणि विचारलं असतं तरी मी काय म्हटलं असतं कोण जाणे, म्हणून मी ही डाळ घेतली, आता तुझ्या पुढच्या बिलावर थोडे तरी दिसतील. बोलता बोलता त्यांचा आवाज नेहमीसारखा बारीक होत गेला.

केशवरावांनी बिलाची घडी करून खिशात घातली.

"पॉइंट गेले त गेले. मले कुठी मिक्सर पाहिजे होता," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे तू कालपासून अकोल्यात हायेस?"

"हो."

"कुठी उतरला?"

"सांगितलं ना. हॉटेलात."

"अकोल्यात. मी इथी असताना."

भगवंतराव पुरते चक्रावले. ते आठवडाभर ज्याला घाबरत होते ते तर आलंच नाही. जे आलं त्याचा विचार त्यांनी केलाच नव्हता. त्यांनी चाचरत म्हटलं की तुझ्या घरी उतरायचं कसं, मी पाण्याचं बोललो होतो ना सगळ्यांसमोर.

"पानी नको पेऊ," केशवराव म्हणाले. "कोन पाजून राहिला तुले? पन गावात भाऊ असून मानूस हॉटेलात उतरते का? लोक काय म्हनतीन? केशवच्या घरी जागा नव्हती?"

"कोणाला कळणार आहे?"

"मले कयलं ना."

पिशव्यांनी भगवंतरावांची बोटं काचत होती. केशवरावांनी पुढं होऊन त्यातल्या दोन पिशव्या आपल्या हातात घेतल्या आणि चालायला लागले. कुठं, असं भगवंतरावांनी विचारलं.

"हॉटेलात. अर्धे पॉइंट माहे होते ना? मंग अर्धी खोली माही हाय. माहं पाहून घेतो."

हॉटेलच्या स्वागतकक्षात एक तरुण बसला होता. त्यानं अदबीनं विचारलं की हे आपले पाहुणे का. पाहुणा नाही, अर्धा मालक हाय, असं केशवरावांनी सांगितलं. तरुणानं संगणकात पाहिलं. तिथं खोलीच्या नोंदीत भगवंतरावांचा नंबर होता. केशवरावांनी लगेच तोच नंबर घडाघडा म्हणून दाखवला. तरुणानं भगवंतरावांकडे पाहिलं. भगवंतराव म्हणाले, ते बरोबर सांगत आहेत, नंबर माझा आहे पण त्यांचाही आहे, म्हणजे नंबर माझा, पॉइंट दोघांचे. त्या बिचाऱ्याला काहीच उमगलं नाही. त्यानं हात जोडले आणि लिफ्ट दाखवली.

किशोर आणि रागिणी अजून खाली नाश्त्यालाच होते. आधीच वर आलेल्या गोदाबाईंनी दार उघडलं, दिराकडे पाहिलं आणि डोक्यावर पदर घेतला. जराही नवल न दाखवता त्यांनी विचारलं की मनकर्णाचे गुडघे कसे आहेत. दुखतेत, असं केशवराव म्हणाले आणि आत आले. त्यांनी पलंगाची गादी हातानं दाबून पाहिली. पडदा सारून रस्ता पाहिला. न्हाणीघराचं दार उघडून आत डोकावले.

"वाटनी कशी करायची?" ते म्हणाले. "आरसा तू घे, मले काय पाह्यचं हाय आता. हा खिडकीकडचा पलंग माहा. संडास सामाईक."

गोदाबाईंना हसू आलं. भगवंतरावही हसले, पण सामाईक हा शब्द पडल्यावर दोघा भावांचं हसू एकदमच थांबलं. वावरात सामाईक काय होतं हे कोणी बोलायची गरज नव्हती. केशवराव खिडकीकडच्या पलंगावर बसले आणि गुडघ्यांवर हात ठेवून जमिनीकडे पाहू लागले.

"विचाराले पाहिजे होतं मी तुले," ते म्हणाले. "तू नाही म्हनला असता म्हनून नाही विचारलं."

"नाहीच म्हटलं असतं."

"थेच त."

भगवंतरावांना वाटलं, आता विचारावं. इतकी वर्षं जे विचारायचं होतं ते आत्ता विचारलं नाही तर पुन्हा कधी विचारणार? ते म्हणाले, "केशव, तू दुकानात अजून माझाच नंबर का सांगतोस?"

केशवरावांनी मान वर केली. प्रश्न त्यांना कळला नसावा, असं तोंड केलं.

"मले दुसरा पाठ नाही."

"तुझा स्वतःचा?"

"माहा कायले पाठ करू? माह्या फोनवर मीच कायले फोन करन?"

यातून काय समजायचं, हे भगवंतरावांना शेवटपर्यंत कळलं नाही. नुसती सवय होती असं म्हणावं, तर मग तो नंबर असा गाणं म्हटल्यासारखा का म्हणतो? माया होती म्हणावं, तर इतक्या वर्षांत एकदाही तो फिरवून फोन का केला नाही? पण मग केशवचा नंबर आपणही कुठं फिरवला. तेवढ्यात केशवरावांनी टेबलावरची हॉटेलची बाटली उघडली, वरून घटाघटा अर्धी प्यायली आणि उरलेली भावासमोर ठेवली. भगवंतराव बाटलीकडे पाहत राहिले. शपथ मोडली तर कोणत्या क्षणी मोडते, ओठाला लागल्यावर की गिळल्यावर, आणि हे पाणी नक्की कोणाच्या घरचं, यातला एकही प्रश्न सुटला नाही. तहान मात्र खरी होती. त्यांनी उरलेलं पाणी पिऊन टाकलं. गोदाबाईंनी पाठ फिरवली आणि विनाकारण उशीचा अभ्रा सारखा करू लागल्या.

किशोर आणि रागिणी वर आले तेव्हा काका पलंगावर बसलेले पाहून दारातच थबकले. मग रागिणीनं वाकून नमस्कार केला आणि किशोरनं उगाचच एसी कमी केला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. केशवराव उठले. मनकर्णा वाट पाहत असेल, म्हणाले. घरी या असं ते म्हणाले नाहीत. या म्हटलं आणि भाऊ नाही म्हणाला, तर ते पुन्हा तेरवीसारखंच झालं असतं. भगवंतरावांनाही येतो म्हणवेना. बोलावलं नसताना जायचं कसं?

त्यांना खालपर्यंत सोडायला भगवंतराव एकटेच गेले. फाटकाशी ऑटो उभा होता. केशवराव मागच्या सीटवर अगदी कडेला, दांडीला चिकटून बसले. त्यांच्या शेजारी एवढी जागा उरली की दोन माणसं मावली असती. भगवंतराव फाटकाजवळ उभे राहिले. आता ऑटो सुटेल आणि मग पुढचा रविवार येईल, मग त्याच्या पुढचा. ऑटो सुटला नाही. चालकानं आरशात पाहून विचारलं, "बाबाजी, चलू का?"

"थांब," केशवराव समोर रस्त्याकडे पाहत म्हणाले. "एक सीट यायची हाय."

चालकानं आजूबाजूला पाहिलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. भगवंतरावांनीही मागं वळून पाहिलं, कोणी येतंय का म्हणून. मग त्यांनी भावाकडे पाहिलं, पण केशवराव काही केल्या मान वळवीनात. आपल्यालाच म्हणतोय का हा, की खरंच कोणाची वाट पाहतोय? विचारावं, तर तो दुसऱ्याच कोणाचं नाव सांगायचा. चालकानं एकदा हॉर्न वाजवला. भगवंतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. किशोरला सांगायचं राहिलं, चप्पल हॉटेलची पायात होती, दुपारी खोली सोडायची होती. ते एक पाय ऑटोत ठेवून तसेच थांबले.

"सरक थोडा," ते म्हणाले.

केशवराव आधीच अगदी कडेला होते. तरीही ते सरकले.